सहकारी बँकांच्या सगळ्या केसेस एकाच कोर्टात, आणि तेही चेन्नईला? (धागा)

शेअरहोल्डर_सांगली:

मंडळी, विषय तसा जुना आहे पण आमच्याकडे अजून चघळला जातोय म्हणून धागा काढतोय. २०२० मध्ये बँकिंग रेग्युलेशन कायद्यात सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवणारी दुरुस्ती झाली, आधी जूनमध्ये वटहुकूम आला आणि मग सप्टेंबरमध्ये संसदेत बिल पास झालं. तिच्याविरुद्ध वेगवेगळ्या राज्यांतल्या अर्बन बँका आणि संबंधित लोक आपापल्या हायकोर्टात गेले. मग रिझर्व्ह बँक सुप्रीम कोर्टात गेली की बाबा या सगळ्या केसेस एका जागी आणा, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या मद्रास हायकोर्टाकडे पाठवल्या.

तेव्हापासून आमच्या बँकेच्या वार्षिक सभेत काहीही विचारा, एकच उत्तर. शेअर्सचे पैसे परत का मिळत नाहीत? मॅटर चेन्नईला आहे. एमडी कोण नेमतं? मॅटर चेन्नईला आहे. परवा एका आजोबांनी विचारलं लाभांश उशिरा का आला, तरी स्टेजवरून चेन्नईच!

मला दोन गोष्टी कळत नाहीत. महाराष्ट्रात देशातल्या सगळ्यात जास्त अर्बन बँका असताना केस मद्रासला का? आणि एकत्र केल्याने आपला, म्हणजे साध्या सभासदाचा फायदा झाला की तोटा? माझं मत आधीच सांगून टाकतो, एकत्र करणं बरोबर होतं पण सरसकट सगळंच चेन्नईच्या नावावर खपवलं जातंय ते बरोबर नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

काडेपेटी:

चेअरमनला इडली आवडत असेल. 😀

कोर्टकचेरी:

मी वकील आहे, सहकाराची कामं करतो, या केसमध्ये नाही. थोडं लांब होईल, चहा घेऊन बसा.

घटनेत कलम १३९अ आहे. एकाच प्रकारचा कायद्याचा प्रश्न दोन किंवा जास्त हायकोर्टांत पडून असेल तर सुप्रीम कोर्ट ती प्रकरणं स्वतःकडे ओढून घेऊ शकतं, किंवा एका हायकोर्टातलं प्रकरण दुसऱ्या हायकोर्टात पाठवू शकतं. दोन्ही प्रकार नेहमी होतात. कर्जाला जामीन राहिलेल्या लोकांवर दिवाळखोरी कायदा लावायचा की नाही या केसेस सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्वतःकडे घेतल्या आणि २०२१ मध्ये निकाल दिला. अग्निपथच्या केसेस मात्र २०२२ मध्ये दिल्ली हायकोर्टाकडे गेल्या, तिथे फेब्रुवारी २०२३ मध्ये निकाल लागला. आपली गोष्ट दुसऱ्या प्रकारातली.

गरज का पडते? समजा मुंबई हायकोर्टाने दुरुस्ती रद्द केली आणि केरळने उचलून धरली. २००४ च्या कुसुम इन्गॉट्स निकालात सुप्रीम कोर्टाने असं म्हणून ठेवलंय की केंद्राच्या कायद्याच्या वैधतेवर एखाद्या हायकोर्टाने निकाल दिला तर तो देशभर लागू होईल. मग दोन उलटसुलट निकाल आले तर रिझर्व्ह बँकेने कुठला पाळायचा? आणि निकाल लांबचा झाला, खरी भानगड स्टेची असते. एका राज्यात स्टे, शेजारच्या राज्यात नाही, म्हणजे बेळगावच्या बँकेला एक नियम आणि कोल्हापूरच्या बँकेला दुसरा. ठेवीदार तर तेच, अर्ध्यांची खाती दोन्हीकडे.

मद्रासच का, तर कांचीपुरमची एक टाऊन बँक २०२० मध्येच वटहुकुमाविरुद्ध तिथे गेली होती. केस जिथे आधी उभी असते तिकडे बाकीच्या पाठवायची पद्धत आहे. कोणत्या राज्यात किती बँका हा निकष नसतो.

कणकवलीकर:

कांचीपुरम म्हटल्यावर राहवलं नाही. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाल्यावर देशातली पहिली अर्बन सोसायटी रजिस्टर झाली ती ऑक्टोबर १९०४ मध्ये कांजीवरमला, म्हणजे कांचीपुरमलाच! पुण्याची कॉसमॉस आली जानेवारी १९०६ ला, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये आमच्या कणकवली-मठची आणि वरवड्याच्या विणकरांची सोसायटी. रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेव्हा मुंबई ते कणकवली बोटीने यायला लागायचं तरी लोकांनी सोसायटी काढली. त्यामुळे केस तिकडे गेली यात मला तरी काही गैर वाटत नाही, मान त्यांचाच आहे.

(आता कोणी बडोद्याची अन्योन्य १८८९ ची काढू नका, ती कायद्याच्या आधीची, माहितीय.)

शेअरहोल्डर_सांगली:

वकीलसाहेब धन्यवाद, स्टेचा मुद्दा डोक्यात आलाच नव्हता. पण मुळात भांडण काय आहे ते जरा आमच्यासारख्यांना कळेल असं सांगा ना. आमच्याकडे नुसतं "सहकारावर घाला" एवढंच ऐकू येतं.

निवृत्त_मॅनेजर:

मी सांगतो, आयुष्य याच्यातच गेलं.

१ मार्च १९६६ पासून सहकारी बँकांवर दोन मालक. बँकिंग म्हणजे परवाना, सीआरआर (ठेवींपैकी राखून ठेवायची रोकड), इन्स्पेक्शन हे रिझर्व्ह बँकेकडे, आणि नोंदणी, निवडणूक, संचालक मंडळ, ऑडिट, विलीनीकरण, लिक्विडेशन हे सहकार खात्याकडे. दुहेरी नियंत्रण हा शब्द आम्ही नोकरीला लागल्या दिवसापासून ऐकतोय. रिझर्व्ह बँकेला मंडळ बरखास्त करायचं असलं तर ती रजिस्ट्रारला कळवायची, आपल्या राज्याच्या सहकार कायद्यात ११०अ कलम आहे त्यासाठी, मग पुण्याहून ऑर्डर निघायची. तोवर ज्याला जे उचलायचं ते त्याने उचललेलं असायचं.

२०२० नंतर काय झालं, मंडळ बरखास्त करायचा अधिकार थेट रिझर्व्ह बँकेला, राज्य सरकारचा फक्त सल्ला घ्यायचा. निम्म्याहून जास्त, ५१ टक्के संचालक अकाउंट्स, बँकिंग, शेती, कायदा वगैरे जाणणारे पाहिजेत. सलग ८ वर्षांपेक्षा जास्त संचालक राहता येणार नाही. विलीनीकरणाची योजना रिझर्व्ह बँक करणार. शेअर भांडवल परत मागायचा सभासदाला हक्क नाही. आणि मग २५ जून २०२१ चं सर्क्युलर आलं, एमडी कसा असावा, वय ३५ ते ७०, अनुभव इतका, आमदार खासदार नगरसेवक चालणार नाही. तिथे खरा जाळ झाला. अध्यादेशावर लोक कुरकुरत होते, सर्क्युलरवर कोर्टात धावले.

एक सांगतो, पटो ना पटो. २० वर्षं खुर्ची न सोडणारे चेअरमन मी पाहिलेत. कर्जाच्या मिटिंगला फाईल न उघडता सही. तेव्हा ८ वर्षांच्या मर्यादेवर माझ्या डोळ्यात पाणी येत नाही.

सुमेधा_सीए:

काका, ८ वर्षांचा आकडा मुळातच अडचणीचा होता. संचालक मंडळाची मुदत ५ वर्षं, मग दुसऱ्या टर्ममध्ये तिसऱ्या वर्षी राजीनामा द्यायचा का? पोटनिवडणूक घ्यायची का? आमच्या क्लायंट बँकांनी हा प्रश्न विचारून डोकं खाल्लं. शेवटी २०२५ च्या दुरुस्तीत ८ चे १० केले, १ ऑगस्ट २०२५ पासून लागू. म्हणजे बघा, ज्या कलमावर लोक कोर्टात गेले ते कलमच संसदेने मधल्या काळात बदललं.

शेअर्सचंही तसंच झालं. जून २०२० नंतर बऱ्याच बँकांनी रिफंड सरसकट बंद केले होते. ८ मार्च २०२२ च्या सर्क्युलरने परवानगी आली, सीआरएआर, म्हणजे जोखमीच्या कर्जांच्या मानाने भांडवलाचं प्रमाण, ९ टक्के किंवा जास्त असेल आणि रिफंड दिल्यावरही ९ च्या खाली जात नसेल तर मृत सभासदाच्या वारसांना किंवा मागेल त्याला देता येतात. धागाकर्ते, तुमच्या चेअरमनना एवढंच विचारा की आपला सीआरएआर किती. ताळेबंदात छापलेला असतो. चेन्नईचा याच्याशी संबंध नाही!

शेअरहोल्डर_सांगली:

ताई हे जबरी आहे. अहवाल काढून बघतो. पान सापडलं पाहिजे, निम्मा अहवाल फोटोंचाच असतो.

ठेवीदार_मुलुंड:

तुमची सभासदांची आणि संचालकांची चर्चा झाली असेल तर ठेवीदाराचंही ऐका. माझे पैसे पीएमसीमध्ये, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत होते. २३ सप्टेंबर २०१९ ला निर्बंध आले, पहिल्या दिवशी सांगितलं सहा महिन्यांत एक हजार रुपये काढा. एक हजार! मग दहा, पंचवीस, चाळीस, पन्नास असं वाढवत जून २०२० ला एक लाख केले. आम्ही पण कोर्टात गेलो होतो, म्हणजे ठेवीदार गेले होते, ऑक्टोबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं हायकोर्टात जा. तेव्हा नाही कोणाला वाटलं सगळं एका जागी आणावं. दिल्लीत वेगळं, मुंबईत वेगळं, आम्ही ग्रुपवर कुठली तारीख कुठे याच्यातच गोंधळलेलो.

रिझर्व्ह बँकेला स्वतःला चार ठिकाणी उभं राहावं लागलं की लगेच ट्रान्सफर पिटीशन. लोकांना चार ठिकाणी पळावं लागलं की "योग्य त्या न्यायालयात जावे". एवढंच बोलायचं होतं.

कोर्टकचेरी:

तुमचा राग समजतो आणि मुद्दा अगदी चुकीचा नाही. १३९अ खाली कोणीही पक्षकार अर्ज करू शकतो, फक्त सरकार नाही. पण दिल्लीत जाऊन ट्रान्सफर पिटीशन लढवायची ताकद ठेवीदारांच्या ग्रुपकडे कुठून येणार. कागदावर दार सगळ्यांना उघडं आहे.

ठेवीदार_मुलुंड:

आणि एक प्रश्न. पीएमसी जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत घातली ती विलीनीकरणाच्या याच नवीन ४५ कलमाखाली ना? पाच लाख विम्याचे मिळाले, वरचे हप्त्याहप्त्याने, शेवटचा दहा वर्षांनी. उद्या चेन्नईत कायदा रद्द झाला तर आमचे उरलेले हप्ते कोण देणार??

कोर्टकचेरी:

घाबरू नका. एक तर पूर्ण झालेले व्यवहार कोर्टं सहसा उखडत नाहीत, कायदा रद्द करतानाही झालेल्या गोष्टींना संरक्षण देतात. दुसरं, पीएमसी मल्टिस्टेट, म्हणजे एकापेक्षा जास्त राज्यांत काम करणारी होती. मल्टिस्टेट संस्था घटनेच्या केंद्रसूचीत नोंद ४४ मध्ये बसतात, तिथे राज्याच्या अधिकाराचा प्रश्नच येत नाही. भांडण आहे ते एका राज्यात नोंदलेल्या बँकांचं.

गंमत म्हणजे, दुरुस्ती आणताना सगळा बोलबाला पीएमसीचा होता. पण ती बँक तेव्हा केंद्राच्या रजिस्ट्रारकडेच होती. तिथे आधीपासून राज्याचं सहकार खातं मध्ये नव्हतंच. दुहेरी नियंत्रणातलं राज्याचं टोक काढून घ्यायला उदाहरण दिलं ते मल्टिस्टेट बँकेचं. हे मी कोर्टात असतो तर सगळ्यात आधी मांडलं असतं.

निवृत्त_मॅनेजर:

साहेब, पण मुरगूडच्या निकालानंतर काय उरलंय भांडायला?

कोर्टकचेरी:

बरं झालं विषय काढलात. बाकीच्यांसाठी: मुरगूड, तालुका कागल. तिथल्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेची थकबाकीची केस पाच न्यायमूर्तींपुढे गेली. प्रश्न असा की सरफेसी कायदा, म्हणजे थकबाकीदाराचं तारण कोर्टात न जाता जप्त करू देणारा कायदा, सहकारी बँकांना लागतो का. २००३ चं केंद्राचं नोटिफिकेशन म्हणत होतं लागतो, त्यावर निरनिराळी कोर्टं निरनिराळं म्हणत होती, आणि फैसला आला ५ मे २०२० ला. १७ वर्षं! या काळात जप्ती करायची की नाही हे बँकेला कळेना आणि घर वाचणार की नाही हे कर्जदाराला. केसेस वेळेत एका जागी आणल्या नाहीत तर काय होतं त्याचं आपल्याच भागातलं उदाहरण आहे हे.

निकाल असा की सहकारी बँक बँकिंग करते म्हणून ती केंद्रसूचीतल्या नोंद ४५, बँकिंग, हिच्याखाली येते, सरफेसी लागू. पुढच्याच महिन्यात वटहुकूम आला, योगायोग म्हणा.

पण उरलंय बरंच. नोंद ४३ मध्ये बँकिंग कंपन्यांची स्थापना, नियमन, लिक्विडेशन केंद्राकडे दिलंय आणि तिथेच स्पष्ट लिहिलंय की सहकारी संस्था सोडून. सहकारी संस्था राज्यसूचीत, नोंद ३२. वसुली हा बँकिंगचा भाग हे मुरगूडमध्ये ठरलं. पण संचालक किती वर्षं राहणार, एमडी कोण, सभासदाला शेअर परत मिळणार की नाही, हे बँकिंग की संस्थेचा कारभार? खरा प्रश्न हा.

सुमेधा_सीए:

आणि ९७ वी घटनादुरुस्ती? जुलै २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती राज्यातल्या सहकारी संस्थांपुरती उडवली ना, निम्म्या राज्यांची संमती घेतली नव्हती म्हणून. मग जे घटनादुरुस्ती करून जमलं नाही ते साध्या कायद्याने कसं जमतं असा युक्तिवाद मी एका परिषदेत ऐकला होता.

कोर्टकचेरी:

हो, राजेंद्र शाह केस, दोन विरुद्ध एक असा निकाल. युक्तिवाद आकर्षक आहे पण समोरचा सरळ म्हणणार की आम्ही सहकारावर कायदा केलाच नाही, बँकिंगवर केलाय. तुम्ही बँक हा शब्द पाटीवरून काढा, ठेवी जनतेकडून घेऊ नका, आमचं काही म्हणणं नाही. शेतीला पुरवठा करणाऱ्या विविध कार्यकारी सोसायट्या त्यांनी याच दुरुस्तीत बाहेर ठेवल्यात, अट अशी की नावात बँक लावायचं नाही आणि चेक वटवायचे नाहीत. मला विचाराल तर मंडळ बरखास्तीचं कलम टिकेल, ठेवीदाराच्या पैशाशी त्याचा थेट संबंध आहे. शेअर परत मागायच्या हक्कावर मात्र सभासदांची बाजू चांगली आहे, ऐच्छिक सभासदत्व हा सहकाराचा पाया आणि बाहेर पडताना पैसे अडकले तर ते ऐच्छिक कसलं.

बे_एरिया_बंड्या:

अमेरिकेत अशा केसेससाठी वेगळं पॅनेलच असतं, ते ठरवतं कुठल्या जजकडे सगळं पाठवायचं...

काडेपेटी:

आला बंड्या. अमेरिकेत काय असतं ते राहू द्या, तुमचे तिकडचे पैसे कुठल्या सहकारी बँकेत आहेत ते सांगा.

बे_एरिया_बंड्या:

आईच्या नावावर दोन एफडी आहेत, दोन बँकांत, दोन्ही पाच लाखाच्या आत. विमा फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख आहे आणि २०२१ पासून निर्बंध आले की ९० दिवसांत मिळतो. अभ्यास करून ठेवलेत, शेरलॉक.

कणकवलीकर:

😀😀 बंड्या +१

शेअरहोल्डर_सांगली:

चर्चा मस्त चाललीय. माझा एक मुद्दा राहिला. तामिळनाडूची टाऊन बँक आणि आपली अर्बन बँक सारखी नाही ना. तिकडे सहकारी संस्थांवर सरकारी अधिकारी बसवायची जुनी सवय, इकडे निवडणूक म्हणजे पॅनेल, जेवणावळी, तालुक्याचं राजकारण. शरद पवारांनी याच कायद्यावर पंतप्रधानांना पत्रं दिली, जुलै २०२१ मध्ये भेटून पण दिलं. तिकडे तेवढी धग असेल का? चेन्नईच्या कोर्टात आपल्याकडचं चित्र कोण मांडणार? आमच्यासारखी १००-१२५ कोटींची बँक तिकडे वकील कुठून देणार?

कोर्टकचेरी:

दोन भाग करू. कायद्याच्या वैधतेसाठी तुमच्या जेवणावळी लागत नाहीत, तो कोरा घटनेचा प्रश्न आहे, कांचीपुरमची बँक जे बोलेल तेच तुमचं. व्हिडिओ कॉन्फरन्सवरून हजर राहता येतं, खर्च पूर्वीइतका नाही. पण महाराष्ट्राच्या कायद्याचे जे प्रश्न आहेत, आपला १९६० चा कायदा, आपल्या उपविधीतल्या तरतुदी, सहकार आयुक्त आणि रिझर्व्ह बँक यांच्यात आता कोणाचा शब्द शेवटचा, ते प्रश्न तिकडे मांडायला कोणी गेलं नाही तर निकालात येणारच नाहीत. आणि मग लोक परत मुंबईला अर्ज करतील. एकत्र करण्याची खरी किंमत ही आहे, अंतर ही नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. केसेस एकत्र करणं म्हणजे स्टे नाही. कायद्याला स्थगिती नसेल तर कायदा चालू आहे, पूर्ण चालू. केस जितकी लांबेल तितका तो रुळत जाणार, एमडी नव्या नियमाने नेमले जाणार, विलीनीकरणं होत राहणार. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हला फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्बंध लागले आणि ऑगस्टमध्ये ती सारस्वतमध्ये विलीनसुद्धा झाली, २०२० च्या दुरुस्तीने सहकारी बँकांना लागू झालेल्या ४४अ कलमाखालीच. ठेवीदाराला सहा महिन्यांत मोकळं केलं, पीएमसीवाल्यांना विचारा त्याची किंमत. उद्या ही केस बोर्डावर येईल तेव्हा कोर्टापुढे वटहुकूम नसेल, पाच-सहा वर्षं चाललेली व्यवस्था असेल. ती मोडायला कोर्ट दहा वेळा विचार करणार. रिझर्व्ह बँकेने ट्रान्सफर मागून काही गैर केलं नाही, पण उशिराचा फायदा कोणाला हे उघड आहे.

ठेवीदार_मुलुंड:

न्यू इंडियावाले नशीबवान. आमच्या वेळी असं झालं असतं तर. तेव्हा जे कोण राज्याच्या अधिकारांसाठी भांडतायत त्यांनी आधी सांगावं की रुपी बँकेवर २०१३ ला निर्बंध आले आणि २०२२ ला परवाना रद्द झाला, त्या ९ वर्षांत दोन मालकांपैकी कुणी काय केलं.

निवृत्त_मॅनेजर:

याला माझ्याकडे उत्तर नाही. पुण्यातली म्हातारी माणसं चकरा मारताना पाहिलीत.

पण उलटंही बघा, रिझर्व्ह बँकेकडे इन्स्पेक्शन तर १९६६ पासून होतंच की. मोठमोठ्या खाजगी बँकांवर पूर्ण अधिकार असूनही तिथे गोंधळ झालेच. नुसते अधिकार वाढले म्हणून डोळे उघडतात असं नाही.

सुमेधा_सीए:

दोघांना +१. ऑडिटर म्हणून सांगते, लहान बँकेत नियम पाळायला माणसंच नसतात. १०० कोटींपर्यंतच्या ठेवींच्या बँका आता सगळ्यात खालच्या, पहिल्या टियरमध्ये आहेत, त्यांना थोडी सूट आहे, पण ५१ टक्के जाणकार संचालक तालुक्याच्या गावात आणायचे कुठून? मग एखाद्या संचालकाच्या सीए जावयाला उभं करतात. नियम पाळला, कारभार तोच. हे कुठल्याही कोर्टात सुटणार नाही.

काडेपेटी:

सीए जावई 😂 आमच्या बँकेचं नाव न घेतल्याबद्दल आभारी आहे.

शेअरहोल्डर_सांगली:

अपडेट. अहवाल सापडला, पान ३८ वर बारीक अक्षरात सीआरएआर १४ टक्क्यांच्या वर लिहिलाय. म्हणजे सुमेधाताई म्हणतात त्याप्रमाणे शेअर रिफंड द्यायला हरकत नाही? चेअरमनना पत्र लिहायचं तर मजकूर काय लिहू?

सुमेधा_सीए:

हो, आकडा ऑडिटेड असेल तर. पत्रात लांबण लावू नका. ८ मार्च २०२२ च्या सर्क्युलरचा उल्लेख, तुमचा सभासद क्रमांक, शेअर्स किती, अहवालातलं पान क्रमांक, आणि नकार असेल तर कारण लेखी द्या एवढंच. कर्ज चालू असेल किंवा कुणाला जामीन असाल तर आधी ते बघा, लिंकिंगचे, म्हणजे कर्ज घेताना घ्यावे लागलेले शेअर्स कर्ज फिटेपर्यंत सुटत नाहीत.

कोर्टकचेरी:

आणि पोच घ्या. शिक्क्यासकट. लेखी उत्तरात "मॅटर चेन्नईला आहे" असं लिहून आलं तर इथे नक्की टाका, नाव झाकून.